बाकं विकत घेणारी माणसं: न्यू ऑर्लिन्सचं सेंट ऑगस्टीन चर्च

हिंडफिरी (धागाकर्ती)

आई सांगलीहून तीन महिन्यांसाठी आलीये. ह्यूस्टनच्या घरात बसून बसून जाम कंटाळली, म्हणून गेल्या शनिवार-रविवारी तिला न्यू ऑर्लिन्सला नेलं. गाडीने साडेपाच तास, सगळा रस्ता आय-टेन हायवे. शनिवारी फ्रेंच क्वार्टर उरकलं. रविवारी सकाळी तिथून चालत ट्रेमे भागात गेलो आणि सेंट ऑगस्टीन चर्चमध्ये शिरलो. गाणं ऐकू आलं म्हणून शिरलो, एवढंच.

आई दारातच थबकली. "अगं, कुणाची ठरलेली जागा असेल. आधी विचार." मी विचारायच्या आत मागच्या बाकावरच्या एका काळ्या आजींनी सरकून घेतलं, बाकावर दोनदा थाप मारली आणि हातातला पुठ्ठ्याचा पंखा आईच्या दिशेला वळवला. पुढचा दीड तास दोघी एकाच पंख्याच्या वाऱ्यात बसल्या. आईला इंग्रजी येत नाही, आजींना मराठी. काही अडलं नाही.

नंतर वाचलं तेव्हा आईचा प्रश्न आठवून अंगावर काटा आला, कारण या चर्चची गोष्टच बाकांची आहे.

१८४२ च्या ऑक्टोबरात चर्च खुलं झालं. न्यू ऑर्लिन्समध्ये तेव्हा गुलाम होते, गोरे होते आणि 'जाँ द कुलर लिब्र' म्हणजे स्वतंत्र काळे-मिश्रवंशीय लोक होते. शिंपी, गवंडी, सुतार, दुकानदार, काही चांगले पैसेवाले. चर्च त्यांच्या खटपटीतून उभं राहिलं. तेव्हा बाकं कुटुंबाकुटुंबाने विकत किंवा भाड्याने घ्यायची पद्धत होती. या लोकांनी बाकं घ्यायला सुरुवात केली, तशी गोऱ्यांनीही घाईघाईने घ्यायला घेतली. चर्च सांगतं ते असं, की गोऱ्यांनी एक बाक घेतलं की यांनी तीन घेतली. शिवाय दोन्ही बाजूंच्या अरुंद रांगा घेतल्या आणि त्या गुलामांना दिल्या. या प्रकाराला तिथे 'बाकांचं युद्ध' म्हणतात.

बाहेर भिंतीलगत 'अज्ञात गुलामाची समाधी' आहे. २००४ ची. जहाजाच्या जाडजूड साखळीचा क्रूस, तांबेरलेला, तिरका कललेला, त्याला बेड्या लटकवलेल्या. आईने तिथे चप्पल काढली.

परतताना नवरा म्हणाला, "यात विजय कसला? देवाच्या घरात बसायला पैसे मोजावे लागले." मला पटलं नाही, पण उत्तरही सुचेना. तुम्हाला काय वाटतं?

---

खुर्चीबहाद्दर

पहिला! छान लिहिलंय. सविस्तर नंतर.

---

खवचट_काका

जावईबापूंशी सहमत. शिवाय एक गोष्ट धाग्यात आलेली नाही. हे जे 'स्वतंत्र काळे' लोक होते, त्यांतले काही जण स्वतः गुलाम बाळगून होते. म्हणजे आठवडाभर राबवून घ्यायचं आणि रविवारी बाजूच्या रांगेत बाक द्यायचं. याला औदार्य म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

---

रानजाई

@खवचट_काका, बाळगत होते हे खरं. पण त्या 'काहीं'मध्ये सुद्धा फरक आहेत. आपल्याच बायकोला किंवा आईला विकत घ्यायचं आणि कागदोपत्री मालक राहायचं, असंही होई, कारण मुक्त करायची प्रक्रिया दिवसेंदिवस अवघड करून ठेवलेली होती. आणि निव्वळ नफ्यासाठी बाळगणारेही होते. दोन्ही एकाच गल्लीत. सगळ्यांना एका पारड्यात टाकू नका.

---

आगाशीकर

मी वसईचा कॅथलिक, त्यामुळे थोडं बोलायचा हक्क आहे असं समजतो. :)

बाकांचे पैसे हा प्रकार आज विचित्र वाटतो, पण तेव्हा अमेरिकेत चर्चचा खर्च असाच निघायचा. सरकारी मदत नाही. बाकाचा लिलाव किंवा वर्षाचं भाडं, त्यातून धर्मगुरूंचा खर्च, मेणबत्त्या, छपराची डागडुजी. गोरे कॅथलिकही पैसे मोजूनच बसायचे. त्यामुळे धागाकर्तीच्या नवऱ्याचा मुद्दा निम्माच बरोबर आहे. पैसे सगळेच देत होते. प्रश्न होता पैसे दिल्यावर कुठे बसू देतात हा. बाकी ठिकाणी काळ्यांना मागची बाकं किंवा वरचा सज्जा. इथे मधल्या भागात, वेदीसमोर.

आणि बाजूच्या रांगांबद्दल: बाजूची का होईना, पण बाकं *गुलामांची* म्हणून होती. ज्याच्या अंगावरचा सदराही कायद्याने मालकाचा, त्याची चर्चमध्ये एक जागा. तिथले लोक सांगतात की अमेरिकेत असं पहिल्यांदाच झालं.

आमच्याकडे पैसे नव्हते मोजावे लागत, पण माझ्या लहानपणी मिस्साला (चर्चमधल्या प्रार्थनेला) पुढची दोन बाकं अमुक घराण्यांची हे पाठ असायचं. कुठे लिहिलेलं नाही. एकदा मी जाऊन बसलो तर एका वडीलधाऱ्यांनी कानाला धरून उठवलं. गावाचं नाव सांगत नाही, अजून लग्नाकार्याला जावं लागतं.

---

मांडवीकाठी

@आगाशीकर, गोव्यात तर ते लिहिलेलंच असायचं हो. चर्चची 'कोंफ्रारी' म्हणजे मंडळ, आणि कित्येक गावांत बामणांची वेगळी, चार्ड्यांची (क्षत्रियांची) वेगळी. फेस्त म्हणजे चर्चचा सण कोणी करायचा, मिरवणुकीत कुठल्या रंगाचा झगा कोणी घालायचा, यावरून पिढ्यान्पिढ्या भांडणं. बाप्तिस्मा झाला, जात तिथेच.

---

पोटोबा_आधी

अवांतर: न्यू ऑर्लिन्सला जाऊन गंबो खाल्लं की नाही? त्यात भेंडी असते. गंबो हे नावच मुळात आफ्रिकेतल्या भेंडीच्या नावावरून आलंय. पीठ तेलात तांबूस होईस्तोवर परततात, पिठल्याच्या आधीच्या पायरीसारखं. फक्त ते लोक तासभर परततात आणि आपण दोन मिनिटांत पाणी ओततो.

---

हिंडफिरी

@पोटोबा_आधी, खाल्लं. आईने बिनमासाचं मागितलं. वाढणाऱ्याने असा चेहरा केला जणू तिने बिनपाण्याचा चहा मागितलाय.

---

वाचनमात्र_नाही

मला एक मूळ प्रश्न आहे. ज्या धर्माने गुलाम केलं त्याच धर्मात हे लोक राहिले का? १७२४ च्या 'कोड न्वार' या गुलामांबद्दलच्या फ्रेंच कायद्यानुसार लुइझियानातल्या (न्यू ऑर्लिन्स याच राज्यात) प्रत्येक गुलामाला कॅथलिक करणं बंधनकारक होतं. म्हणजे निवड नव्हतीच. आणि चर्चवाले स्वतः काय करत होते? हे चर्च उभं राहायच्या चारच वर्षं आधी, १८३८ मध्ये, मेरीलँडच्या जेझुइट पाद्र्यांनी २७२ माणसं लुइझियानातल्या मळेवाल्यांना विकली. त्या पैशांतून जॉर्जटाउन कॉलेजचं कर्ज फेडलं. बाळं, म्हातारे, सगळे त्यात. सेंट ऑगस्टीनच्या बाजूच्या बाकांवर बसणारे लोक त्याच राज्यातले.

---

खवचट_काका

+१. हे मीच लिहिणार होतो.

---

संपादक_३

चर्चा छान चालू आहे. धर्मांतर या विषयावर स्वतंत्र धागे आहेत, इथे नको. एक प्रतिसाद उडवला आहे.

---

आगाशीकर

@वाचनमात्र_नाही, प्रश्न रास्त आहे. जेझुइटांचं जे सांगितलंत त्यावर मला बोलायला तोंड नाही.

पण 'का राहिले' याचं उत्तर पोप किंवा बिशप यांच्याकडे बघून मिळणार नाही. हेन्रिएट दलीलकडे बघा. स्वतंत्र काळ्या घरातली, गोरी म्हणून खपली असती एवढी उजळ. त्या काळी अशा मुलींना श्रीमंत गोऱ्यांबरोबर बिनलग्नाच्या करारावर नांदवायची रीत होती. तिने ते धुडकावलं. १८४२ मध्ये, म्हणजे चर्च खुलं झालं त्याच वर्षी, ज्युलिएट गोदँ नावाच्या मैत्रिणीला घेऊन तिने धर्मभगिनींचा संघ काढला, 'सिस्टर्स ऑफ द होली फॅमिली'. गुलामांची मुलं शिकवायची तर कायदा आडवा, म्हणून धर्मशिक्षणाच्या नावाखाली. वृद्ध, आजारी, टाकून दिलेले यांची सेवा. या बायकांना धर्मभगिनींचा पोशाख घालायलाही कित्येक वर्षं परवानगी नव्हती, कारण काळी बाई नन दिसली तर गोऱ्या नन्सचा मान जाईल!

ती १८६२ मध्ये वारली. २०१० मध्ये रोमने तिला 'आदरणीय' ठरवलं, म्हणजे संतपदाच्या वाटेवरची एक पायरी. संघ अजून चालू आहे. चर्चशेजारच्या रस्त्याला आता तिचं नाव आहे.

चर्च म्हणजे इमारत आणि बिशप असं धरलं तर ते का राहिले हे कोडंच वाटतं. या बायकांच्या दृष्टीने चर्च त्याच होत्या.

---

शाळामास्तर_सातारा

धाग्यात अजून महात्मा फुले आले नाहीत याचं आश्चर्य वाटतं, म्हणून मीच आणतो.

जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं. त्याची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या सज्जन लोकांना आहे, निग्रो गुलामांना मुक्त केलं म्हणून. आमच्या पिढीला ती शाळेत कळली आणि ऊर भरून आला. आता गंमत बघा. या सेंट ऑगस्टीनच्या धर्मग्रामात (चर्चला जोडलेल्या वस्तीत) होमर प्लेसी नावाचा एक पोरगा होता. अर्पणपत्रिका छापली तेव्हा दहाएक वर्षांचा. पुढे चांभारकाम करू लागला, चपला-बूट. त्याचं लग्न १८८८ साली याच चर्चमध्ये झालं. आठातला एक हिस्सा काळा, दिसायला गोरा. ७ जून १८९२ ला न्यू ऑर्लिन्सहून कोव्हिंग्टनला जाणाऱ्या गाडीत गोऱ्यांच्या डब्यात बसला आणि स्वतःहून सांगितलं की मी काळा आहे. अटक झाली. हे सगळं ठरवून, शहरातल्या काळ्या क्रेओल (फ्रेंच वळणाच्या मिश्रवंशीय) लोकांच्या 'नागरिक समिती'ने आखलेलं. चार वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, 'वेगळे पण समान' चालेल. तो निकाल १९५४ पर्यंत टिकला.

जोतीराव १८९० मध्ये गेले. ज्या देशाला त्यांनी पुस्तक अर्पण केलं त्याचा हा निकाल त्यांना वाचावा लागला नाही.

---

खुर्चीबहाद्दर

मास्तर, __/\__

बाकावरून डब्यातल्या बाकावर. धागा आपोआप रुळावर आला.

---

रानजाई

प्लेसीला २५ डॉलर दंड झाला होता. माफी मिळाली २०२२ च्या जानेवारीत. मरून ९६ वर्षं झाल्यावर. राज्याच्या गव्हर्नरने सही केली.

आणि एक गोष्ट, जी मला या सगळ्यात सर्वांत जास्त आवडते. १८९५ मध्ये तिथल्या आर्चबिशपने 'काळ्यांसाठी स्वतंत्र' चर्च काढलं, सेंट कॅथरीन. चांगल्या हेतूने, की बिचाऱ्यांना मागे बसावं लागतं तर आपलं वेगळं असू दे. नागरिक समितीच्या वर्तुळातल्या लोकांनी त्याला कडाडून विरोध केला. आम्हाला वेगळं चर्च नको, आहे त्या चर्चमध्ये आमची जागा हवी. आज आपण 'काळ्यांचं ऐतिहासिक चर्च' असं कौतुकाने म्हणतो, पण त्यांना काळ्यांचं चर्च नकोच होतं.

धागाकर्तीच्या प्रश्नाला मी इथून उत्तर देईन. वेगळं बांधायला पैसे होते त्यांच्याकडे. त्यांनी ते गोऱ्यांच्या शेजारी बसायला घालवले.

---

खवचट_काका

@रानजाई, हे माहीत नव्हतं. मुद्दा मान्य. (स्क्रीनशॉट काढून ठेवा, पुन्हा म्हणणार नाही.)

तरी माझी शंका जागच्या जागी: बाजूच्या बाकांवर जे बसले त्यांना कुणी विचारलं का, की तुम्हाला बाजूला बसायचंय की मध्ये?

---

रानजाई

नसणारच विचारलं.

---

डेल्टावासी

उशिरा आलो, पण लिहिलंच पाहिजे. २००५-०६ मध्ये मी न्यू ऑर्लिन्सला शिकत होतो.

२९ ऑगस्टला कतरिना वादळ आलं, शहराचा ८० टक्के भाग पाण्याखाली. माणसं देशभर पांगली. आम्ही काही महिन्यांनी परतलो तेव्हा निम्म्या रस्त्यांवर दिवे नव्हते, फुटपाथवर टेप लावून बंद केलेले फ्रीज ओळीने उभे. अशात फेब्रुवारीत जाहीर झालं की आर्चडायोसीस (आर्चबिशपचा कारभार) काही धर्मग्रामं बंद करणार, त्यात सेंट ऑगस्टीन. शेजारच्या सेंट पीटर क्लेव्हरमध्ये विलीन. कारण? माणसं कमी, पैसे कमी. कागदावर चूक नव्हतं. पण ज्यांची घरं गेलीयेत त्यांना तुम्ही सांगताय की आता चर्चही गेलं.

तिथले प्रमुख धर्मगुरू फादर जेरोम लदू, १९९० पासूनचे. आफ्रिकन दाशिकी घालणारे, बोलायला लागले की थांबायचे नाहीत. त्यांना हलवलं. मार्चमध्ये लोकांनी रेक्टरीचा म्हणजे धर्मगुरूंच्या निवासाचा ताबा घेतला, आतून दारं लावून. त्यात धर्मग्रामातल्या बायका होत्या आणि वादळानंतर मदतीला आलेली बाहेरगावची कॉलेजची पोरंही. मी दोनदा भात घेऊन गेलो होतो, खिडकीतून आत दिला. नव्या धर्मगुरूंच्या मिस्साच्या वेळी गोंधळ झाला आणि चर्चला कुलूप लागलं. शेवटी एप्रिलमध्ये तडजोड झाली: अठरा महिने देतो, माणसं आणि हिशेब नीट करून दाखवा. झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आधीचा रविवार) तोंडावर चर्च पुन्हा उघडलं. पुढे ते टिकलं. फादर लदू मात्र परत आले नाहीत. २०१९ मध्ये वारले.

मी कॅथलिक नाही. कोल्हापूरचा आहे, अंबाबाईच्या गावचा. पण त्या दिवसांत एक बाई सारखं म्हणायची ते कानात आहे, की आमच्या पणजीने या बाकाचे पैसे भरलेत, पावती दाखवू का? तिच्याकडे पावती नव्हती. तरी कुणी हसलं नाही.

@हिंडफिरी, तुम्ही ज्या आय-टेनने आलात ना, तो शहरात क्लेबोर्न अव्हेन्यूच्या डोक्यावरून जातो. तिथे ओकच्या झाडांच्या रांगा आणि काळ्यांची दुकानं होती, मार्दी ग्राची त्यांची जत्रा तिथेच भरायची. १९६६ मध्ये झाडं तोडली आणि वर पूल बांधला. बाकी शहरातल्या लोकांना ट्रेमे माहीत असतो तो गाडीतून, वरून.

---

हिंडफिरी

@डेल्टावासी, आपण कशावरून चाललोय याचा आम्हाला पत्ताच नव्हता. पुलाखाली गाडी लावली होती.

---

सनईचौघडा

संगीताबद्दल कोणी कसं बोललं नाही? सिडनी बेशे, क्लॅरिनेट आणि सोप्रानो सॅक्सोफोनचा बादशहा, १८९७ चा जन्म, याच धर्मग्रामातला. आणि पाच मिनिटांच्या अंतरावर काँगो स्क्वेअर. रविवारी गुलामांना कामातून सुट्टी, म्हणून ते तिथे जमून ढोल वाजवायचे, नाचायचे. १८१७ मध्ये नगरपालिकेने जमायला तेवढी एकच जागा ठरवून दिली. सकाळी मिस्सा, दुपारी ढोल. जॅझ कुठून आलं यावर दहा पुस्तकं लिहिली गेलीत, पण त्या रविवारापासून सुरुवात न करणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

---

पोटोबा_आधी

अवांतर २: सध्याचे पोप लिओ चौदावे, त्यांच्या आईचे आईवडील न्यू ऑर्लिन्सच्या सातव्या वॉर्डातले. म्हणजे ट्रेमेच्या शेजारची वस्ती. जुन्या सरकारी नोंदींत त्यांचा उल्लेख काळे असा आहे. मग ते शिकागोला गेले आणि तिथे गोरे झाले. २०२५ मध्ये निवड झाल्यावर एका वंशावळ अभ्यासकाने हे बाहेर काढलं.

---

खवचट_काका

पोटोबा पहिल्यांदाच खाण्याव्यतिरिक्त बोलले. हाही ऐतिहासिक क्षण.

---

मांडवीकाठी

मागे बसलेल्यांचा नातू पुढच्या खुर्चीवर. फक्त वाटेत त्यांना शिकागोला जाऊन रंग बदलावा लागला.

---

वाचनमात्र_नाही

माझा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही, पण आगाशीकर आणि रानजाई यांचे प्रतिसाद वाखूसा (वाचनखूण साठवली). एक भर घालतो, म्हणजे एकतर्फी वाटायला नको: १९५३ मध्ये तिथल्या आर्चबिशप रमेल यांनी चर्चमधली वेगवेगळी बाकं बंद करा असं पत्रक काढलं, आणि १९६२ मध्ये कॅथलिक शाळांतला वर्णभेद संपवायला विरोध करणाऱ्या तिघा गोऱ्यांना बहिष्कृत केलं. म्हणजे सेंट ऑगस्टीनच्या लोकांनी जे पैसे मोजून केलं, त्यावर वरून सही यायला १११ वर्षं लागली.

---

नवीन_आहे_मी

मी पहिल्यांदाच लिहितेय. ताई, तुमच्या आईंनी समाधीपाशी चप्पल का काढली? ते वाचून थांबले होते.

---

हिंडफिरी

@नवीन_आहे_मी, मीही विचारलं होतं. म्हणाली, "समाधी आहे ना? मग?" मी म्हटलं, आई, आत कुणी पुरलेलं नाहीये, ते फक्त स्मारक आहे. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग त्या बेड्या कुणाच्या?"

नवऱ्याला सगळा धागा वाचायला दिला. रानजाईंचा प्रतिसाद दोनदा वाचला त्याने. आता म्हणतो, "मी म्हणालो होतो ते वेगळ्या अर्थाने." म्हणजे जिंकले मी.

---

लांबचा_प्रवासी

पुढच्या महिन्यात जातोय. रविवारी मिस्सा किती वाजता? पार्किंग मिळतं का?

---

हिंडफिरी

वेळ फोन करून विचारून घ्या. २०२१ च्या आयडा वादळातही चर्चचं बरंच नुकसान झालं होतं, डागडुजी चालू असू शकते. गाडी पुलाखाली. लवकर जा. आणि पंखा न्या, आजींचा दर वेळी मिळेलच असं नाही.